वनहक्काचा तेरावा नियम आणि आपली विद्वत्ता

१

‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ हा शब्द आता विद्यापीठांच्या तोंडी चांगलाच रुळला आहे. इतिहास, तत्त्वज्ञान, कला आणि शासकीय धोरण यांच्या भिंती ओलांडल्याशिवाय समाज समजत नाही, असे चर्चासत्रांतून सांगितले जाते. म्हणणे खोटे नाही. पण सांगणाऱ्याचे त्यात काहीच पणाला लागलेले नसते. भिंत ओलांडली काय आणि न ओलांडली काय, पगार चालूच राहतो. त्यामुळे आपल्या चळवळीतला कार्यकर्ता या शब्दाकडे संशयाने पाहतो. हा पांढरपेशा विद्वत्तेचा आणखी एक अलंकार आहे, असे त्याला वाटते.

कार्यकर्त्याचा हा संशय समजू शकतो. परंतु तो अपुरा आहे असे माझे म्हणणे आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगलजिल्ह्यांत हा अभ्यास चैनीचा विषय नाही. तेथे तो एका दाव्याच्या कागदांचा भाग आहे. शासनाने २००६ साली कायदा करून जंगलातल्या सर्वांत गरीब माणसाला सांगितले की, तुझा इतिहास, तुझे देव, तुझी स्मशाने, तुझी वंशावळ आणि तुझ्या म्हाताऱ्यांची आठवण एकत्र करून पुरावा म्हणून आण. मग जमीन तुझी. अशा वेळी ज्यांनी त्याच्या मदतीला यायला हवे होते ते इतिहासकार, मानववंशशास्त्रज्ञ, लोककलेचे अभ्यासक आणि आपण दलित साहित्यिक, सारे आपापल्या विषयाच्या वाड्यात बसून राहिलो. त्यात सर्वांत अधिक नुकसान कोणाचे झाले? जंगलात राहणाऱ्या दलिताचे. तो कोणत्याच विषयात बसत नव्हता.

२

प्रथम कायदा नीट पाहू. त्याचे नाव लांबलचक आहे : अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६. नावातच दोन वर्ग आहेत. आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे आणि आपण जंगलात राहून त्यावर जगत असल्याचे दाखवायचे. जो अनुसूचित जमातीत नाही, त्याने याखेरीज आणखी एक गोष्ट दाखवायची : त्या तारखेपूर्वी किमान तीन पिढ्या आपण जंगलात राहत होतो आणि जंगलावर जगत होतो. पिढी म्हणजे २५ वर्षे, अशी व्याख्या कायद्यातच आहे. म्हणजे ७५ वर्षे, म्हणजेच १३ डिसेंबर १९३० पासूनचा वास.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण कचेऱ्यांतून तिचा विपर्यास होतो. हीच जमीन ७५ वर्षे कसल्याचा पुरावा कायदा मागत नाही. तो ७५ वर्षे राहिल्याचा आणि जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा मागतो. जमिनीचा ताबा २००५ पूर्वीचा असला तरी पुरे. हा फरक न समजल्यामुळे, किंवा समजूनही न समजल्यासारखे केल्यामुळे, बिगरआदिवासी वननिवासींचे दावे मोठ्या प्रमाणावर फेटाळले गेले आहेत.

आता हा पुरावा कोणता? १ जानेवारी २००८ रोजी लागू झालेल्या नियमांतला तेरावा नियम तो सांगतो. गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनविभागाच्या कार्ययोजना. घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन. न्यायालयीन कागद. नामांकित संस्थांनी केलेले रूढी-परंपरांचे संशोधन. संस्थाने व इतर मध्यस्थ यांच्याकडील नोंदी. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने. जुन्या नोंदीत नाव असलेल्या पूर्वजापर्यंत नेणारी वंशावळ. आणि दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लेखी जबाब. यांपैकी एकाहून अधिक पुरावे द्यायचे.

ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. जमाबंदीचा अहवाल इतिहासाचा, विहीर आणि दफनभूमी पुरातत्त्वाची, रूढी मानववंशशास्त्राची. पवित्र स्थान म्हणजे धर्म आणि तत्त्वज्ञान. म्हाताऱ्याचा जबाब म्हणजे मौखिक वाङ्मय. आणि या सगळ्यांचा निकाल लावणारी जिल्हास्तरीय समिती म्हणजे शासकीय धोरण. विद्यापीठाने ज्या विद्या वेगवेगळ्या इमारतींत ठेवल्या, त्या या एका नियमाने एका दाव्यात आणून ठेवल्या. आणि तो दावा लिहिण्याचे काम कोणावर टाकले? ज्याला शाळेची पायरीही नीट चढू दिली गेली नाही त्याच्यावर.

३

मग आपल्या विद्वानांनी आजवर काय केले होते? दावेदार संशोधनाकडे वळतो तेव्हा त्याच्या हाती काय लागते?

मध्य प्रांताच्या जातीजमातींवरचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा, १९१६ चा, चार खंडांचा. जातींची नावे त्यात वर्णानुक्रमाने लावली आहेत. त्यामुळे गोंड तिसऱ्या खंडात आहेत आणि महार चौथ्या खंडात. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात हे दोघे एकाच गावात राहत होते. एकाच तळ्याचे पाणी शेताला घेत होते आणि एकाच मालगुजाराची वेठ करीत होते. पण ग्रंथात त्यांची भेट होत नाही. गोंडाच्या प्रकरणात गाव जवळजवळ एकट्या गोंडाचेच दिसते. महाराच्या प्रकरणात अस्पृश्यता आहे, विणकाम आहे, गावची चाकरी आहे. परंतु जंगल नाही. माहिती खोटी आहे असे मी म्हणत नाही. मांडणीच अशी आहे की नाते हरवते. ज्या शास्त्राने जात हाच रकाना मानला, त्याला दोन जातींच्या मधली जमीन दिसणार कशी?

त्याआधीही हेच झाले. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची कथागीते टिपून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ साली छापली. थोड्याच वर्षांनी, १८६९ मध्ये, मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल तयार झाला. एकात देव आणि गाणी, दुसऱ्यात शेत आणि सारा. दोन्ही कामे एकाच प्रांतात जवळजवळ एकाच काळात झाली. पण गाणे ज्या शेतावर म्हटले जाते त्या शेताचा सारा किती, हा प्रश्न एकाही पुस्तकाने विचारला नाही. १९०९ च्या चांदा गॅझेटिअरनेही प्रकरणे अशीच वेगवेगळी ठेवली. पुढे स्वतंत्र भारतातल्या विद्यापीठांनी त्या प्रकरणांचे विभाग केले.

या वाटणीला मी ज्ञानाची जातिव्यवस्था म्हणतो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रमाची विभागणी असे न करता श्रमिकांची विभागणी असे केले. विद्यांच्या बाबतीतही हेच झाले आहे. येथे कामाची सोयीस्कर वाटणी झालेली नाही. ज्यांच्याविषयी हे ज्ञान आहे त्या माणसांचीच वाटणी झाली आहे. आदिवासी मानववंशशास्त्राला दिला आणि दलित समाजशास्त्राला. जंगल वनशास्त्राला गेले, आणि जमीन महसूल खात्याला.

या रकान्यांच्या फटीत काय हरवले त्याचे एकच उदाहरण देतो. विदर्भात ‘कोतवाल बुक’ म्हणून एक दस्तऐवज आहे. आज जातपडताळणीसाठी त्याची नक्कल काढायला तहसीलीत रांगा लागतात. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी पूर्वी कोतवालामार्फत होत असत. नावे, बापाचे नाव, जात, तारीख. हा कोतवाल अनेक गावी महार असे. रात्री गस्त घालणारा, साऱ्याची वर्दी देणारा, मेलेल्या माणसाची बातमी ठाण्यापर्यंत चालत नेणारा. ज्याच्या पायपिटीमुळे गावाच्या जन्ममृत्यूचा लेखी इतिहास उभा राहिला, त्याच्याच नातवाला आज कचेरीत विचारले जाते : तू १९३० साली या गावात होतास याला पुरावा काय?

यात विटंबना आहेच, पण विटंबनेवर हळहळून थांबण्यात अर्थ नाही. कोतवाल बुक ही शासकीय नोंद आहे, आणि नियमाच्या यादीतल्या वंशावळीच्या पुराव्याला ती थेट आधार देऊ शकते. १९३० पूर्वीचे बुक सापडले आणि त्यात आजोबाच्या घरातला जन्म वा मृत्यू सापडला, तर निम्मे काम झाले. परंतु जुन्या नोंदीत बहुधा आडनाव नसते. नाव, बाप आणि जात एवढेच असते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांत नावेच बदलली. त्या नोंदीपासून आजच्या माणसापर्यंतचा पूल बांधायला म्हाताऱ्याची आठवण लागते. म्हणजे महसुली कागद आणि तोंडची वंशावळ एकत्र बसवावी लागते. हे काम एकट्या इतिहासाचे नाही, आणि एकट्या लोकसाहित्याचेही नाही. अहेरीसारख्या जमीनदारीच्या मुलखात तर जमीनदाराच्या दप्तरापासून सुरुवात करावी लागते. नियमातला ‘मध्यस्थांच्या नोंदी’ हा शब्द अशाच मुलखांना लागू पडतो.

४

आता कलेकडे वळू. येथे आपल्याला आपल्याकडेही बोट दाखवावे लागेल.

गोंडांच्या वंशावळी आणि दैवतकथा जपण्याचे काम परंपरेने परधानांकडे होते. वाद्य घेऊन यजमान गोंडाच्या दारी जायचे, त्याच्या कुळाची कथा गायची, आणि त्याबद्दल दान घ्यायचे. शामराव हिवाळे यांनी १९४६ साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. वर्धा आणि प्राणहितेच्या पलीकडे आदिलाबादमध्ये हायमेनडॉर्फ यांनी राजगोंडांचा अभ्यास केला, त्यातही परधान ठळकपणे येतात. परधान हा कलावंत होता आणि दप्तरदारही. त्याचे गाणे म्हणजेच त्या समाजाचे दप्तर होते.

परंतु कलाक्षेत्राने त्यातली कला उचलली आणि दप्तर तेथेच टाकले. मध्य प्रदेशातल्या पाटणगडचा जनगढसिंह श्याम हा परधान चित्रकार १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात आला आणि त्याची चित्रे जगभर गेली. तो थोर कलावंत होता यात वाद नाही. त्याचा २००१ साली जपानमध्ये अंत झाला. आता ‘गोंड चित्रकला’ हे बाजारातले नाव झाले आहे आणि चित्रे दिवाणखान्यात लागतात. पण ज्या गाण्यांतून ती चित्रे आली त्या गाण्यांत कोणत्या कुळाचा कोणत्या डोंगराशी काय संबंध सांगितला आहे, हे चित्र विकत घेणारा विचारत नाही. वंशावळ हा पुरावा आहे असे नियम म्हणतो, आणि वंशावळीचे गायक मात्र प्रदर्शनात उभे आहेत.

झाडीपट्टी रंगभूमीचेही असेच. दंडारीच्या परंपरेतून वाढलेली आणि वडसा हे केंद्र असलेली ही रंगभूमी दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत रात्र रात्र उभी राहते. मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ च्या सांगलीपासून सुरू करणाऱ्यांनी तिला तळटीपेतही जागा दिली नव्हती. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना ही रंगभूमी आहे हे कळले. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मंडई भरते, त्या गावात दलितवस्ती कोठे बसत असे, वाद्ये कोण वाजवीत असे, हे सांगणारी माणसे अजून आहेत. ती आठवण नाट्यसमीक्षेचा विषय आहे आणि वास्तव्याचा जबाबही.

आणि आपले साहित्य? ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि मराठी गावाचा खोटा मुखवटा गळून पडला. पुढच्या दहा वर्षांत आत्मकथनांनी प्रस्थापित वाङ्मयाची मिरासदारी हादरवली. हे ऐतिहासिक कार्य आहे आणि ते कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु या साहित्याने जो दलित उभा केला तो मुख्यतः देशावरचा, मराठवाड्यातला किंवा मुंबईच्या झोपडपट्टीतला आहे. पाटील, मारुतीचे देऊळ, गावकुसाबाहेरचा महारवाडा असा आपला भूगोल ठरून गेला. मोहाची फुले वेचणारा, तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे मोजून देणारा, वनरक्षकाला कोंबडी द्यावी लागणारा दलित त्यात फारसा नाही. सिरोंचा-अहेरीकडचा तेलुगू बोलणारा मादगी, विणकामाचा वारसा नावातच सांगणारा नेतकानी, यांची आत्मकथने कोठे आहेत?

चंद्रपूरच्या भूमीत दोन मोठ्या घटना घडल्या. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी येथे धम्मदीक्षा दिली. १९७९ साली याच जिल्ह्यातल्या भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. दोन्ही प्रवाह एका मातीतले, एका शोषणाविरुद्धचे. पण आपल्या ग्रंथालयात ते वेगवेगळ्या कपाटांत आहेत. रसेल-हिरालाल यांचा तिसरा आणि चौथा खंड आपणच पुढे चालवीत आहोत की काय, असा प्रश्न विचारावासा वाटतो.

५

यातला सर्वांत अवघड प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही.

वनहक्क कायद्याचा कणा ग्रामसभा आहे. दावा तेथे सुरू होतो. सामूहिक वनाचे व्यवस्थापन तिच्याकडे येते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत मेंढा आहे. त्यामागे देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांनी अनेक वर्षे चालवलेला अभ्यासगट होता. गावातले आणि बाहेरचे लोक एकत्र बसत, कायदा वाचत, जंगल मोजत, वाद घालत, आणि निर्णय सर्वसहमतीने घेत. विद्यापीठ ज्याला आंतरविद्याशाखीय अभ्यास म्हणते, तो या गावाने आधीच करून दाखवला होता. मेंढ्यावर ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक लिहिणारे मिलिंद बोकील हे कथाकार आणि समाजशास्त्राचे अभ्यासक, हाही योगायोग नव्हे. असे गाव एका विद्येच्या चिमटीत येत नाही.

पण दलित वाचकाच्या मनात येथे शंका उभी राहते, आणि ती रास्त आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेडे हा राज्यघटनेचा पाया मानायला स्पष्ट नकार दिला. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता, हे त्यांचे निदान अनुभवाचे होते. मग आता खेड्याची सभाच आपल्या जमिनीचा निवाडा करणार असेल, तर आपण तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि नियम काय सांगतो? २०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्क समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. आदिवासींसाठी ही तरतूद आवश्यकच होती. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु त्याच गावातल्या दलितासाठी त्या समितीत एकही जागा राखलेली नाही. ज्याच्याकडून ७५ वर्षांचा पुरावा मागितला जातो, तोच पुरावा तपासणाऱ्यांत असेल याची हमी नाही.

दुसऱ्या बाजूलाही प्रश्न आहे आणि तो आपल्या परंपरेला विचारला पाहिजे. १९३६ साली बाबासाहेबांनी हिंदू समाजाला विचारले की, कोट्यवधी आदिवासींना त्याने माणूस म्हणून जवळ का केले नाही. हा प्रश्न मूलगामी होता. मात्र १९४५ साली राजकीय प्रतिनिधित्वाचा आराखडा मांडताना आदिवासींमध्ये अजून पुरेशी राजकीय जाणीव नाही, असे त्यांनी म्हटले आणि त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था सुचवली. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९४६ रोजी, जयपालसिंह मुंडा घटना समितीत उभे राहिले आणि आदिवासींना लोकशाही शिकवण्याची गरज नाही, ती त्यांच्याकडून शिकावी, असा अर्थ सांगून गेले. बाबासाहेबांचे १९४५ चे मत आज जसेच्या तसे धरून ठेवणे हा बाबासाहेबांचा आदर नव्हे. प्रत्येक मत पुराव्याने तपासा, ही त्यांचीच शिकवण आहे, आणि मेंढ्याचा अनुभव हा पुरावाच आहे.

पण मेंढ्याने बाबासाहेबांच्या निदानाला खोटे ठरवले असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मेंढा गोंडांचे गाव आहे. जेथे वस्ती मिश्र आहे, कुणबी-तेली-गोंड-महार-ढिवर एकत्र आहेत, तेथे सर्वसहमतीचा अर्थ काय? सर्वसहमतीत दुर्बलाचे मौनही होकार म्हणून मोजले जाऊ शकते. तेव्हा ग्रामसभा की राज्यसंस्था, असा प्रश्नच चुकीचा आहे. ग्रामसभेच्या आत बंधुता कशी आणायची, हा खरा प्रश्न आहे. सामूहिक वनहक्क साऱ्या ग्रामसभेचा असतो, फक्त आदिवासींचा नव्हे. गडचिरोलीतल्या ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकू लागल्या आहेत. त्या विक्रीचा हिशेब गावासमोर कोण वाचतो, फळीवर मजुरी कोणाला मिळते, बैठकीत दलित बाई बोलते की नाही, हे तपासले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे शब्द गावात किती उतरले ते कळते. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणाऱ्याने जर्मन ग्रंथांबरोबर हा हिशेबही वाचावा.

६

विद्यांच्या भिंती ओलांडणे आपल्याला नवे नाही. ते आपल्याच परंपरेत आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये धर्म, सावकारी, पाटबंधारे आणि जंगलखाते एकाच मांडणीत आणले. गुराखी-शेतकऱ्याची चराऊ राने जंगलखात्याने कशी गिळली, हे त्यांनी तेव्हा सांगितले. बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र शिकले. जातीवरचा त्यांचा निबंध ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी पद्धतीचाच प्रश्न घेतला : ज्यांचा इतिहास लिहूनच ठेवला गेला नाही, त्यांच्या बाबतीत तुटलेले दुवे तर्काने आणि गृहीतकाने जोडण्याचा हक्क अभ्यासकाला आहे की नाही? त्यांचे उत्तर होकारार्थी होते. १९३० चा कागद नसलेल्या दावेदाराला याहून मोठा आधार कोणता? धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी गणिती होते. त्यांनी नाणी, भाषा आणि पायी फिरून पाहिलेली दैवते एकत्र करून इतिहास लिहिला. आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांनी जमिनीचा प्रश्न दलित चळवळीच्या मध्यावर आणला. आपल्या अस्मितेच्या राजकारणाने पुढे तो बाजूला सारला.

संशोधन राबवले तर जमीन मिळते, याचे उदाहरणही शेजारीच आहे. १९४० साली कुमरम भीम मारला गेला. त्या बंडाने हादरलेल्या निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादच्या गोंडांत अभ्यासाला पाठवले, आणि त्या अभ्यासाच्या शिफारशींवरून हजारो गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले. हेतू सरकारचा होता, बंड शमवण्याचा होता, हे विसरू नये. पण संशोधनाचा कागद पट्टा होऊ शकतो हे त्यातून दिसले.

विद्वत्तेने पाठ फिरवली की काय होते याचेही उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक दलित शेतकरी. १९८३ साली ‘पटेल ३’ या धानात त्यांना वेगळी लोंबी दिसली. ती निवडून, वर्षानुवर्षे पेरून त्यांनी नवे वाण तयार केले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ नाव पडले आणि ते राज्याबाहेरही पसरले. कृषी विद्यापीठाने १९९८ साली त्याचे शुद्ध केलेले वाण स्वतःच्या नावासह प्रसारित केले. दादाजींना पुरस्कार मिळाले, पण वाणाचे उत्पन्न मिळाले नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले ते गरिबीतच. निरीक्षण, निवड, प्रयोग, पुनःप्रयोग, सगळे शास्त्र त्यांनी केले. त्यांच्याकडे फक्त विद्याशाखेचे नाव नव्हते.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्त्यांसमोर मी काही कामे ठेवतो. ती मोठी नाहीत. पण कोणा एका विद्येला एकटीने करता येणार नाहीत.

पहिले काम : प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातली पाच गावे घ्यावीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोतवाल बुक, निस्तारपत्रक आणि जमाबंदीच्या नोंदी शोधाव्यात. मराठीच्या विद्यार्थ्याने म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत, झाडीबोलीत, गोंडीत, तेलुगूत उतरवाव्यात. भूगोलाच्या विद्यार्थ्याने विहीर, स्मशान, जुनी वस्ती यांचा नकाशा करावा. सगळे मिळून एक टिपण तयार व्हावे आणि ते ग्रामसभेच्या हवाली करावे. पदवीसाठी त्याची प्रत ठेवली तरी मूळ कागद गावाचा राहिला पाहिजे. २०११ साली गडचिरोलीला स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या नावातच हा प्रदेश आहे. अशा टिपणांना संशोधन म्हणून मान्यता देणे त्याच्या हातात आहे, आणि नियम तर संस्थांच्या संशोधनाला पुरावा मानतोच.

दुसरे काम : फेटाळलेले दावे पुन्हा उघडणे. ग्रामसभेची शिफारस अपुरी वाटली तर वरच्या समितीने दावा परस्पर न फेटाळता फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा, असे २०१२ च्या दुरुस्तीत आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. मधले ते पंधरा दिवस ज्यांनी जंगलात काढले, त्यांना पुराव्याचा अर्थ पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

तिसरे काम आपल्या साहित्यिकांचे आहे. जंगलातल्या दलिताचे आणि त्याच्या आदिवासी शेजाऱ्याचे एकत्र चित्रण झाले पाहिजे. त्यात शिवाशिव असेल तर ती लिहावी, कारण गोंड गावातही ती आहे. त्यात सोबत असेल तर तीही लिहावी. एटापल्लीच्या सुरजागडावर एकाच डोंगराला कोणी ठाकूरदेव म्हणतो, कोणी लोहखनिज म्हणतो, कोणी रोजगार म्हणतो. त्या रोजगाराच्या रांगेत दलित तरुणही उभा आहे. त्याला देशद्रोही किंवा दलाल न ठरवता त्याच्या पोटाचा आणि शेजाऱ्याच्या देवाचा प्रश्न एकाच कथेत घेण्याची ताकद आपल्या लेखणीत यायला हवी.

आणि धोरणाची मागणी स्पष्ट असावी. आदिवासींच्या हक्काला तसूभरही धक्का न लावता, मिश्र गावांतल्या वनहक्क समितीत दलित व इतर पारंपरिक वननिवासींना जागा मिळाली पाहिजे. ७५ वर्षांची अट ही अनुसूचित जातींच्या बाबतीत शिथिल झाली पाहिजे, कारण ज्यांना जमीन धरू दिली नाही आणि अक्षर शिकू दिले नाही त्यांच्याकडून तीन पिढ्यांचे कागद मागणे हा जुन्याच अन्यायाचा नवा हप्ता आहे. ही मागणी आदिवासी संघटनांबरोबर बसून, त्यांच्या सहमतीने व्हावी. त्यांच्याविरुद्ध केलेली मागणी ज्यांनी दोघांचेही जंगल नेले त्यांच्याच कामी येईल.

तहसीलीच्या अभिलेख कक्षातली जुनी बुके वाळवीने खाल्ली जात आहेत, आणि १९४० च्या आसपास जन्मलेली माणसे एकेक करून जात आहेत. आपल्या आजोबांकडून १९३० चे ऐकलेले सांगू शकेल अशी ही शेवटची पिढी आहे. चर्चासत्र पुढच्या वर्षीही भरवता येईल, परंतु या माणसांचा जबाब पुढच्या वर्षी घेता येईलच असे नाही.